खाचेतला मखर पावसाळ्यात अडतो आणि हिवाळ्यात डुगडुगतो: नेमकं काय बिघडतं

हरतालिकेच्या रात्री साडेदहाला डोंबिवलीहून वहिनींचा फोन. "भाऊजी, मागच्या वर्षी दहा मिनिटांत उभं राहिलं होतं. या वर्षी मागची कमान निम्म्यावर जाऊन अडकलीय. ह्यांनी हातोडी आणलीय, मारू का?"

नको, म्हटलं. हातोडी परत ठेवा.

मखर मी केलेलं होतं. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात लेझरने कापलेली एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या शीटची) मखरं मीच करून देतो. सपाट तुकडे, एकमेकांत अडकणाऱ्या खाचा, ना खिळा, ना स्क्रू, ना गोंद. विसर्जनानंतर सगळं सुटं करून माळ्यावर. दिसायला सोपं काम आहे. पण पहिली तीन वर्षं दर भाद्रपदात हाच फोन यायचा आणि जानेवारीत उलट्या तक्रारीचा. त्याच पद्धतीने केलेलं पुस्तकांचं कपाट हिवाळ्यात बोट लावलं तरी हलायचं. एकच रचना, एकच फाइल, तक्रारी दोन आणि एकमेकींच्या विरुद्ध. त्यामागची कारणं हळूहळू कळत गेली, ती इथे मांडतो.

आत्ताच अडलंय आणि उद्या सकाळी प्राणप्रतिष्ठा आहे

तर आधी एवढं करा, कारणं नंतर वाचा.

तुकडे ओढून वेगळे करा. सरळ ओढा, डावी-उजवीकडे हलवत ओढलंत तर खाचेच्या तळाशी चीर पडते. मग साधी पांढरी मेणबत्ती घ्या आणि खाचेच्या दोन्ही कडांवर, तसंच समोरच्या तुकड्याचा जेवढा भाग खाचेत जाणार तेवढ्यावर घासा. साबण घासू नका, त्यात पाणी असतं. निम्म्या वेळा एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर खाच रुंद करा, तुकडा पातळ करू नका. स्टीलच्या फूटपट्टीला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि खाचेच्या आतून दहा-बारा वेळा ओढा, दोन्ही कडांवर सारखा. तुकड्याचा पृष्ठभाग घासायचा मोह होतो, कारण ते सोपं असतं. पण एमडीएफची वरची त्वचा दाट असते आणि आतला गाभा सैल. त्वचा घासलीत की पुढच्या वर्षी तिथून आणखी ओल आत जाते. म्हणजे या वर्षीची सोय, पुढच्या वर्षीची गैरसोय.

उलट ढिलं झालं असेल तर जुनी लग्नपत्रिका शोधा. तिच्या जाड कागदाची पट्टी खाचेत घातली की दहा दिवस निघतात. घरात एरवी कशालाही उपयोगी नसलेली ही वस्तू इथे अगदी मापात बसते.

फुगतं काय आणि फुगत नाही काय

दमट हवेत लाकूड फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं. मग खाचही फुगेल, तुकडाही फुगेल, दोन्ही सारखेच, अडायचं कारण काय? मीही बरेच दिवस असंच समजत होतो.

गोम अशी आहे की खाचेची रुंदी शीटच्या लांबी-रुंदीच्या दिशेत मोजली जाते आणि तिच्यात जाणारी असते दुसऱ्या शीटची जाडी. प्लाय किंवा एमडीएफ लांबी-रुंदीत जवळजवळ हलतच नाही. प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा असतो, ते एकमेकांना धरून ठेवतात. एमडीएफचे तंतू शीटच्या सपाटीतच पसरून दाबलेले असतात. पण जाडीच्या दिशेला धरून ठेवणारं कुणी नसतं. फुगायचं ते तिथेच, कितीतरी पटींनी जास्त. म्हणजे भोक तेवढंच राहतं आणि त्यात घालायची वस्तू जाड होते. सपाट तुकड्यांच्या प्रत्येक खाचेच्या जोडात हा दोष जन्मजात असतो. अ‍ॅक्रिलिकचा मखर केलात तर हा प्रश्न येत नाही, बाकीचे येतात.

वहिनींच्या मखराचा एमडीएफ मी एप्रिलमध्ये व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीने, मोजला होता, ५.४५ मिलिमीटर. ऑगस्टच्या शेवटी तोच तुकडा, त्याच जागी, ५.६५. दोन दशांश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण मी खाच ५.५ची कापली होती, घट्ट बसावी म्हणून अभिमानाने.

आता दुसरी तक्रार. कुदळीचा दांडा ढिला झाला की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. सकाळी घट्ट. दोन दिवस उन्हात राबल्यावर पुन्हा ढिला, आणि पूर्वीपेक्षा जास्त. कारण लोखंडाच्या नेढ्यात कोंडलेलं लाकूड फुगायला जागा नसताना फुगलं की त्याचे तंतू चिरडले जातात. वाळल्यावर ते आकसतं, पण चिरडलेलं परत उभं राहत नाही. माझ्या पुस्तकांच्या कपाटाचं हेच झालं होतं. पावसाळाभर प्लाय खाचेत कोंडून राहिला, कडांनी त्याला दाबलं, आणि डिसेंबरात वाळल्यावर त्या जागी जाडी एप्रिलपेक्षाही कमी भरली. म्हणजे घट्ट खाच हीच पुढे ढिल्या खाचेचं कारण ठरते. हे कळल्यावर मी 'आणखी थोडी घट्ट करू' हा उपाय कायमचा सोडला.

एमडीएफचं आणखी वाईट. त्याचे तंतू कारखान्यात दाबून बसवलेले असतात, ओल लागली की ते मूळच्या फुगीरपणाकडे परततात आणि वाळल्यावर पूर्ण मागे येत नाहीत. दर पावसाळ्यात कडा थोड्या थोड्या जाड होत जातात.

शीटवर लिहिलेली जाडी खरी नसते

दुकानात '१२ एमएम' म्हणून मिळालेला प्लाय माझ्या हाती ११.४ पासून १२.३ पर्यंत आलेला आहे. यात दुकानदार फसवतो असं नाही. सहा मिलिमीटर आणि त्यापुढच्या प्लायला भारतीय मानकातच जाडीत पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे बाराच्या शीटला सहा दशांश खाली किंवा वर. शिवाय एकाच शीटच्या कोपऱ्यात आणि मध्यावर फरक असतो. आठ फुटी शीट मी कमीत कमी सहा ठिकाणी मोजतो आणि सर्वांत मोठा आकडा धरतो, सरासरी नाही. सरासरी धरली तर निम्मे तुकडे अडतात.

चित्र काढताना जाडी हा आकडा एकाच ठिकाणी लिहिलेला हवा. फ्रीकॅड किंवा फ्यूजनसारखं संगणकावर आराखडे काढायचं सॉफ्टवेअर वापरा, त्यात तक्ता करा नाहीतर जाडीला एक नाव देऊन ठेवा, काहीही करा, पण खाचा हाताने ओढून काढू नका. मी सुरुवातीला कोरल ड्रॉमध्ये खाचा काढायचो, एक काढायची आणि चाळीस वेळा डकवायची. मग शीट बदललं की चाळीस ठिकाणी बदल आणि एकोणचाळीस ठिकाणीच होणारा.

कापणाऱ्याकडे काय घडतं हेही बघा. आमच्याकडचा ऑपरेटर मला म्हणाला, "साहेब, फाइल सहाची, शीट सहाची, मग डुगडुगतंय कसं?" शीट ५.५चं होतं. बाजारात दोन्हीला सर्रास सहा म्हणतात. दुसऱ्या एका ठिकाणी फाइल पीडीएफ करून पाठवली आणि कुणीतरी पानात बसवण्यासाठी ती ९७ टक्के केली. सगळं सुबक कापलं गेलं, फक्त एकाही खाचेत एकही तुकडा जाईना. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात मी १०० मिलिमीटरचा एक चौकोन ठेवतो. तो आधी कापायचा, मोजायचा, मग पुढचं. चौकोन ९९.८ भरला तर ठीक आहे, तो लेझरने खाल्लेला भाग. ९७ भरला तर मशीन थांबवा.

लेझर किती खातो

लेझरची रेघ म्हणजे शून्य रुंदीची रेघ नव्हे, ती दोन-अडीच दशांश मिलिमीटर रुंद जळालेली पट्टी असते. रेघेच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी. म्हणून तुकडा लहान होतो आणि खाच रुंद होते, दोन्ही एका पट्टीइतके. एका चौकोनावरून हे मोजलं तर व्हर्नियरची चूकच मोठी असते. त्याऐवजी १०० मिलिमीटर लांबीचा आयत काढा, त्याला दहा समान भागांत कापा, आणि सगळे तुकडे त्यांच्याच चौकटीत एका बाजूला सरकवा. दुसऱ्या टोकाला जी फट राहील ती ११ रेघांची बेरीज. अकराने भागा. फट २.४ आली तर एक रेघ सुमारे २.२ दशांश. हे त्याच मशीनवर, त्याच शीटवर, त्याच दिवशी करायचं. भिंग मळलं किंवा फोकस हलला की आकडा बदलतो.

एक लक्षण लोकांना फार चक्रावतं: तुकडा एका बाजूने सहज जातो, उलटा केला की अडतो. लेझरचा झोत आत जाताना सरळ राहत नाही, कापाची भिंत किंचित तिरकी असते, वर जरा रुंद आणि खाली अरुंद. म्हणून तुकड्यांची वरची बाजू कोणती ते कापतानाच पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि जोडताना अरुंद तोंडातून सुरुवात करायला लावू नका.

आता कंगवा. टाकाऊ पट्टीवर दहा खाचा कापा, पहिली ५.२ची, मग प्रत्येक एक दशांशाने वाढती. त्याच शीटचा तुकडा एकेकीत घालून बघा. कुठे अडतो, कुठे दाबून जातो, कुठे स्वतःच्या वजनाने उतरतो, ते खाचेखाली लिहून ठेवा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या फॅब अकॅडमीत, म्हणजे यंत्रांनी वस्तू बनवायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात, लेझर शिकणाऱ्याला पहिलं काम हेच देतात: एकमेकांत बसणाऱ्या तुकड्यांचा संच करा आणि लेझरने खाल्लेला भाग हिशेबात धरा. आपल्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून अशी यंत्रं असलेली कार्यशाळा, फॅब लॅब, आहे, जवळ राहत असाल तर तिथे जाऊन हे हाताने करून बघण्यासारखं आहे.

माझी भर एवढीच की कंगवा जपून ठेवा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा लावून बघा. एप्रिलमध्ये दाबून जाणारी खाच ऑगस्टमध्ये बंद झालेली असते. व्हर्नियर नसेल तरी चालतं: झेरॉक्सचा साधा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर असतो. फटीत किती कागद मावतात ते मोजा, तेवढे दशांश.

एक खाच बसते, सात एकदम बसत नाहीत

कंगव्यावर ५.७ची खाच छान बसली म्हणून मी अंड्यांच्या ट्रेसारखी सात बाय पाचची जाळी ५.७ने कापली आणि ती निम्म्यात रुतून बसली. एकट्या खाचेला फक्त रुंदी सांभाळायची असते. सात खाचा एकाच वेळी उतरायच्या तर त्यांच्यातलं अंतरही जुळावं लागतं, तुकडे थोडे वाकलेले असतात तेही सरळ व्हावे लागतात, आणि सातही जागचं घर्षण एकत्र येतं. मी आता एक-दोन खाचांच्या जोडाला पावसाळ्यातल्या जाडीपेक्षा दोन दशांश मोकळीक देतो, चारच्या पुढे गेलं की तीन ते चार. खाचेच्या तोंडाशी दोन्ही कडा मिलिमीटरभर तिरक्या कापायच्या, कपबशीच्या बशीसारखं पसरट तोंड. तुकडा आपोआप वाट शोधतो आणि घरच्या माणसांची भांडणं वाचतात.

खोलीही तपासा. दोन्ही तुकड्यांत निम्मी निम्मी खाच असली की कागदावर बरोबर जुळतं, प्रत्यक्षात वरच्या कडा एकमेकींच्या खाली-वर राहतात. प्रत्येक खाच निम्म्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त खोल ठेवा.

लेझरऐवजी सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या फिरत्या कटरच्या यंत्रावर, कापत असाल तर दोष वेगळा. कटर गोल, म्हणून आतला कोपरा कधीच काटकोनी येत नाही. सहा मिलिमीटरच्या कटरने तीन मिलिमीटर त्रिज्येचा गोल कोपरा राहतो आणि चौकोनी कडेचा तुकडा त्यावर टेकून थांबतो. 'शेवटचे दोन मिलिमीटर जात नाही' ही तक्रार आली की नव्वद टक्के हेच. कोपऱ्यात कटर तिरका थोडा पुढे न्यावा लागतो, सहाच्या कटरला सव्वा मिलिमीटर. दिसायला कोपऱ्याला कान फुटल्यासारखं दिसतं. न दिसणाऱ्या बाजूला कान काढा.

डुगडुग

मोकळीक दिली म्हणजे हलणार, हा आक्षेप बरोबर आहे. पण हलतं कुठून ते बघा.

दोन तुकडे अधिक चिन्हासारखे एकमेकांत घातले. खाच दीडशे मिलिमीटर खोल, मोकळीक तीन दशांश. उभं मागे-पुढे झुकायचं तर दीडशेत तीन दशांश, म्हणजे नऊशे मिलिमीटर उंचीवर जेमतेम दोन मिलिमीटर. हे जाणवतही नाही. पण वरून बघा. अधिक चिन्हाचा कोन धरून ठेवायला फक्त शीटची जाडी आहे, साडेपाच मिलिमीटर. साडेपाचात तीन दशांश म्हणजे तीन अंशांहून जास्त. डुगडुग इथून येते. सगळी जाळी पतंगाच्या कामट्यांसारखी तिरकी होते. खाच कितीही खोल केलीत तरी यात फरक पडत नाही, आणि मी तीन वर्षं खाचा खोल करत होतो.

उपाय आहे तिसरी दिशा. वरून एक आडवा तुकडा असा बसवा की त्याच्या खाचा दोन्ही उभ्या तुकड्यांना मध्यापासून दूर, दोनशे मिलिमीटरवर पकडतील. आता तीच तीन दशांश मोकळीक दोनशेवर विभागली गेली, कोनातली हालचाल एक दशांश अंशाच्याही खाली आली. खाच तेवढीच ढिली आहे, वस्तू मात्र ताठ उभी. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५२ मध्ये काढलेले 'हाउस ऑफ कार्ड्स'चे पत्ते आठवा, प्रत्येकाला सहा खाचा. एका ओळीत जोडले तर लोळतात, तिन्ही दिशांनी जोडले की मनोरा उभा राहतो. मखराला अशी तिसरी दिशा आयतीच मिळते: वरचं छत आणि खालचा पाट. मी छताला नुसती शोभा समजत होतो आणि दोन खुंट्यांवर टेकवत होतो.

कपाटाला मागची पाठ द्या, निम्म्या उंचीची असली तरी पुरे.

पाचर

तरीही एक गोष्ट राहते. खाच मोकळी, कोन धरलेले, पण तुकडा उचलला की सुटून येतो. कपाट सरकवताना बाजू बाहेर निसटते. इथे घर्षणावर भिस्त ठेवायची नाही, कारण घर्षण ऋतूप्रमाणे बदलतं हे वर पाहिलंच. बांधून ठेवायचं काम पाचरीला द्या.

नांगराची हाळीस पाचरीने आवळतात, जात्याचा खुंटा पाचरीने बसवतात. सपाट शीटमध्ये तेच असं करायचं: आडव्या फळीच्या टोकाची अरुंद जीभ, म्हणजे कूस, कपाटाच्या उभ्या बाजूच्या खाचेतून आरपार बाहेर काढायची, बाहेर आलेल्या भागाला भोक पाडायचं आणि त्यात त्याच शीटची कापलेली निमुळती पट्टी वरून सोडायची. उतार एकास दहा ठेवा, म्हणजे साठ मिलिमीटर लांबीच्या पाचरीला सहा मिलिमीटर निमुळतेपणा. इतक्या कमी उतारावर लाकूड लाकडावरून आपोआप घसरत नाही, पाचर धक्क्याने उडत नाही. एकास चार केलीत तर ती वर उड्या मारते.

हाच उतार पावसाळा आणि हिवाळाही सांभाळतो. जाडीत दोन दशांश फरक पडला तर पाचर दोन मिलिमीटर वरखाली होते, बाकी काही नाही. पावसाळ्यात ती थोडी वर राहते, हिवाळ्यात बोटाने टिचकी मारली की खाली उतरते. म्हणून पाचर वरून खाली जाणारी ठेवा, आडवी नको. कूस किमान चाळीस मिलिमीटर बाहेर आलेली हवी, नाहीतर भोकाबाहेरची पट्टी तुटते.

आता ती चूक, जी मी स्वतः दोनदा केली आणि लोकांनी पाठवलेल्या बहुतेक फायलींत दिसते. कुशीतलं भोक अगदी बाजूच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून सुरू केलेलं असतं. चित्रात सुंदर दिसतं. प्रत्यक्षात बाजूची जाडी ठरल्यापेक्षा तीन दशांश कमी निघाली की पाचर भोकाच्या आतल्या कडेवर जाऊन टेकते, बाजूला स्पर्शच करत नाही. पाचर घट्ट, कपाट ढिलं. भोक बाजूच्या आत दोन मिलिमीटर घुसलेलं हवं, म्हणजे पाचरीला आवळायला जागा उरते. पाचर ठोकूनही काही आवळलं जात नसेल तर पहिल्यांदा हेच बघा.

दुसरं, सपाट शीट सरळ कापली जाते, भोकाची भिंत तिरकी करता येत नाही. म्हणून पाचरीचा उतार भोकाच्या फक्त एका काठावर टेकतो. प्लायला ते झेपतं. एमडीएफमध्ये काठ हळूहळू दबून गोल होतो, म्हणून पाचरीचा जोड मी बारा मिलिमीटरच्या प्लायमध्येच करतो आणि नक्षी एमडीएफची ठेवतो.

लंडनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या विकीहाउस प्रकल्पात तर अख्ख्या घराचा सांगाडा १८ मिलिमीटर प्लायचा होता आणि पाचरी, एवढंच काय, त्या ठोकायच्या मोगऱ्याही त्याच शीटमधून कापलेल्या. अवजार नको म्हणता म्हणता अवजार शीटमधूनच निघालं. मला ही लबाडी आवडते. मखराला मोगरी लागत नाही, अंगठा पुरतो. अंगठ्याने बसत नसेल तर कुठेतरी माप चुकलंय.

तुटणं आणि रंग

शेवटची खाच आणि तुकड्याची कड यांच्यामधली पट्टी तुटते ही सर्रास तक्रार. ती पट्टी शीटच्या जाडीच्या तिप्पट तरी ठेवा. प्लायच्या अरुंद कुशी तुटत असतील तर वरच्या थराच्या रेषा बघा, त्या कुशीच्या लांबीत जायला हव्यात. शीट वाचवण्यासाठी तुकडे फिरवून बसवले की निम्म्या कुशींच्या रेषा आडव्या होतात. तीन थरांच्या पातळ प्लायमध्ये तर बिस्किटासारख्या मोडतात.

'रंग दिल्यावर बसेना' हेही दर वर्षी येतं. ऑइल पेंटचा प्राइमर आणि दोन हात म्हणजे दोन्ही बाजू मिळून दोन-तीन दशांश सहज वाढले, म्हणजे दिलेली सगळी मोकळीक रंगात गेली. सनमायका लावणार असाल तर दोन्ही बाजू मिळून दोन मिलिमीटर धरा आणि ते चित्रात आधीच घाला. खाचेत जाणारा भाग मास्किंग टेपने झाकून रंगवता येतो. पण कापलेल्या कडा उघड्या सोडू नका, ओल तिथूनच जाते. सँडिंग सीलरचे दोन पातळ हात कडांना, सुकल्यावर हलका पेपर, मग कंगव्याशी पुन्हा ताडून बघा.

माळ्यावर ठेवताना तुकडे आडवे, एकावर एक, सपाट. भिंतीला तिरके टेकवून अकरा महिने ठेवलेली पाठ धनुष्यासारखी वाकते आणि वाकलेला तुकडा कुठल्याच मोकळिकीत बसत नाही. प्रत्येक जोडाच्या दोन्ही अंगांना एकच अंक लिहा, १ शी १, २ शी २. आतल्या बाजूला, पेन्सिलीने नको, मार्करने.

वहिनींचं मखर त्याच वर्षी दिवाळीनंतर नवीन केलं: खांब आणि पाट बारा मिलिमीटरच्या प्लायचे, जोडांना सहा पाचरी, खाचा वरच्या हिशेबाने मोकळ्या, कमान एमडीएफचीच, तीही मोकळ्या खाचेत. प्लाय एप्रिलमध्ये ११.७ होता, ऑगस्टमध्ये ११.९. पुढच्या हरतालिकेला फोन आला तो वेगळाच. "भाऊजी, बसलं सगळं. पण एक पाचर सापडत नाहीये, गेल्या वर्षी पोरांनी खेळायला घेतली होती."

तेव्हापासून प्रत्येक संचात चार पाचरी जास्तीच्या कापतो आणि पाटाच्या खालच्या बाजूला पिशवीत चिकटवून देतो.